गावाकडची थोडी शेती आणि गावठाणातलं घर: इसार घेण्याआधी कराचं काय काय बघावं?

माळरान

नमस्कार मंडळी. वडील जाऊन दीड वर्ष झालं. गावाकडे त्यांच्या नावावर ८५ गुंठे कोरडवाहू जमीन आहे आणि गावठाणात चार खणांचं घर. आई सत्तरीची, माझ्याकडेच असते. आम्ही तिघं भावंडं: मी नोकरी करते, धाकटी बहीण गृहिणी आहे, भाऊ परदेशात स्थायिक. गावी राहायला कुणीच जाणार नाही हे सगळ्यांनी मनावर दगड ठेवून मान्य केलं आणि विकायचं ठरलं. वारस नोंद झाली आहे, सातबारावर चौघांची नावं लागली आहेत. गिऱ्हाईकही गावातलंच आहे, स्वतः शेतकरी. मार्चअखेर खरेदीखत करू म्हणतात.

पुढच्या महिन्यात इसार आहे, आणि मला त्याआधीच सगळं नीट समजून घ्यायचंय. कारण मावशीचा अनुभव. तिनेही दोन वर्षांपूर्वी अशीच दीड एकर आणि घर विकलं. "शेतीला टॅक्स नसतो" असं जो तो सांगत होता. जमीन आणि घर एकाच खरेदीखतात, एकच रक्कम, ३८ लाख. विवरणपत्रात काहीच दाखवलं नाही. पुढे आयकर विभागाचं पत्र आलं. घराचे पैसे त्यातले किती, हे दाखवायला मावशीकडे एक कागद नव्हता. शेवटी कर आणि वर व्याजही भरलं. ती रक्कम गेली त्यापेक्षा, आपण काही लपवलं असं समोरच्याला वाटलं, याचं तिला फार लागलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई आहे ती.

माझे प्रश्न: आमची जमीन खरंच करमुक्त आहे का, हे कसं ठरतं? घराचं काय? आणि भावाच्या वाट्याला वेगळे नियम आहेत का?

सातबारा

ताई, आधी हे सांगा की जवळची नगरपालिका कोणती आणि किती लांब? सगळं त्यावर आहे.

माळरान

तालुक्याच्या गावी नगरपरिषद आहे. एसटी स्टँडपासून आमचं शेत साधारण साडेपाच किलोमीटर.

हिशोबनीस

स्टँडपासूनचं अंतर कामाचं नाही. मी कर सल्लागार म्हणून तीस वर्षं काम केलं, आणि हा गैरसमज मला प्रत्येक तालुक्यात भेटला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले देतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आणि त्यात क्रमांक वेगळे, पण तुमचा व्यवहार मार्च २०२६ मध्येच होणार असेल तर जुनेच लागू.

"शेतीला टॅक्स नसतो" हे अर्धवट वाक्य आहे. कायदा म्हणतो की *ग्रामीण* शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा, म्हणजे मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरच्या कराचा, प्रश्नच येत नाही. आता ग्रामीण म्हणजे काय? ज्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार किंवा त्याहून जास्त आहे, तिच्या हद्दीतली जमीन ग्रामीण नाही. हद्दीबाहेर असेल तर अंतर बघायचं: पालिकेची लोकसंख्या १० हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किमीच्या पलीकडे, १ लाखाच्या वर ते १० लाखांपर्यंत असेल तर ६ किमीच्या पलीकडे, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किमीच्या पलीकडे जमीन हवी. नगरपालिका म्हणजे नगरपरिषद, महापालिका, नगरपंचायत, छावणी मंडळ, सगळं आलं. ग्रामपंचायत यात येत नाही, मग ती कितीही मोठी असो.

यात चुकण्याच्या जागा तीन. एक, अंतर पालिकेच्या *हद्दीपासून* मोजायचं, स्टँड, चौक, तहसील कचेरी यांच्यापासून नाही. दोन, २०१३ च्या दुरुस्तीनंतर अंतर सरळ रेषेत, हवाई मोजतात. रस्त्याने ७ किमी असलेली जमीन सरळ रेषेत साडेपाच भरू शकते, आणि तिथेच सगळा हिशोब उलटतो. तीन, लोकसंख्या आपल्या अंदाजाची नाही, आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची. म्हणजे आजही २०११ चीच.

सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण देतो. २०११ ला पंढरपूर लाखाच्या जरासं खाली होतं, ९८ हजारांच्या वर. बार्शी लाखाच्या वर. म्हणून पंढरपूरच्या हद्दीपासून ३ किमीवरची शेतजमीन ग्रामीण ठरते आणि बार्शीच्या हद्दीपासून ३ किमीवरची ठरत नाही. सोलापूर शहर तेव्हा साडेनऊ लाखांचं, म्हणून तिथे ६ किमी. नव्या जनगणनेचे आकडे आले आणि ते १० लाखांच्या पुढे गेलं, की ८ किमी. जमीन जागेवरच राहील, पण तिचा कर बदलेल.

कोरडवाहू

हिशोबनीस काकांनी हद्दीचं म्हटलंय त्यात हद्दवाढ धरा. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, तेव्हा नुसती ती गावंच आत गेली नाहीत, ८ किमीची रेषाही तेवढी बाहेर सरकली. त्या पट्ट्यातल्या कित्येकांना आपली जमीन आता कराच्या दृष्टीने ग्रामीण राहिली नाही याचा पत्ताही नव्हता. आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी चुलत्याने विकली तेव्हा कर नव्हता, म्हणून आपल्यालाही नाही, असं धरून चालू नका.

माळरान

आमच्याकडे हद्दवाढीचा प्रस्ताव गेल्याची चर्चा आहे! मग कुठली तारीख धरायची?

हिशोबनीस

विक्रीच्या दिवशी जमीन कशी आणि कुठे होती ते पाहतात. प्रस्ताव म्हणजे हद्दवाढ नव्हे. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत जुनीच हद्द.

सातबारा

आता माझं सांगतो, कारण ही चूक कुणी परत करू नये असं मनापासून वाटतं.

आमची ३० गुंठे, ग्रामीण, कर शून्य अशीच होती. गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्ही एनए (अकृषिक, बिगरशेती) करून द्या, गुंठ्याला जास्त भाव देतो." आम्ही खूश. स्वतःच्या खर्चाने अकृषिक करून दिली आणि मग खरेदीखत केलं. ज्या दिवशी ती अकृषिक झाली त्या दिवशी तिचं शेतजमीन असणं संपलं. गाव तेच, अंतर तेच, पण विकली ती शेतजमीन नव्हती. वाढीव भावातून जे मिळालं त्यापेक्षा जास्त करात गेलं. आमच्या वकिलाने हे सांगायला हवं होतं, पण मीही विचारलं नाही.

एनए ज्याला हवं त्याने घेतल्यानंतर करावं.

हिशोबनीस

फार महत्त्वाचं लिहिलंत. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा शरीफाबीबी निकाल आहे, सुरतच्या जमिनीचा. महसूल दफ्तरी जमीन शेतीचीच होती, पण विक्रीआधी बिगरशेतीची परवानगी घेतली होती, गिऱ्हाईक गृहनिर्माण संस्था होती आणि भाव चौरस वारावर ठरला होता. न्यायालयाने सगळं एकत्र पाहिलं आणि ती शेतजमीन नाही असं ठरवलं. म्हणून सातबारावर "शेती" आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पीक पाहणीचा रकाना बघा.

माळरान

तीच काळजी आहे. आमच्या उताऱ्यावर शेवटची चार वर्षं "पड" आहे. बाबा आजारी होते. त्याआधी ज्वारी आणि तूर.

हिशोबनीस

ग्रामीण जमिनीसाठी "शेवटची दोन वर्षं कसलीच पाहिजे" अशी अट नाही. ती अट ५४बी या वेगळ्या सवलतीची आहे: शहरी हद्दीतली शेतजमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर नफा माफ होतो, पण विकलेली जमीन आधीची दोन वर्षं स्वतः किंवा आईवडिलांनी शेतीसाठी वापरलेली हवी, आणि नवी तीन वर्षं विकायची नाही. तुमचा तो प्रश्न नाही. तरी पडीक का राहिली याचा पुरावा जवळ ठेवा. आधीच्या वर्षांचे पीक पाहणीचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, तूर बाजार समितीत घातली असेल तर त्याची पट्टी. घरातल्या जुन्या डब्यात हे सगळं असतं, फेकू नका.

आता घर. इथे बहुतेकांची फसगत होते. गावठाणातलं घर ही शेतजमीन नाही. गाव कितीही आडबाजूला असो, घर आणि त्याखालची जागा ही भांडवली मालमत्ता आहे आणि तिच्या नफ्यावर कर आहे. म्हणून माझा आग्रह: *जमिनीचं खरेदीखत वेगळं, घराचं वेगळं.* एकच करायचं झालं तर दोन्हींची किंमत वेगवेगळी, स्पष्ट लिहा.

घराचा नफा असा काढायचा. वारसाने आलं असेल तर ज्याने मुळात घेतलं किंवा बांधलं त्याचा खर्च तो तुमचा खर्च, आणि त्याचा ताबा तो तुमचा ताबा. २४ महिन्यांहून जास्त असला की नफा दीर्घ मुदतीचा. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर खर्चाऐवजी त्या तारखेची बाजारभावाने किंमत धरता येते, मात्र त्या दिवशीचं मुद्रांक मूल्यांकन उपलब्ध असेल तर त्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून तसा अहवाल घ्या. अहवालाचा खर्च होतो, पण मावशींकडे तो असता तर त्यांचं निम्मं दुखणं टळलं असतं.

२३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला जुना मार्गही आहे: निर्देशांक लावून २० टक्के. जो कर कमी तो भरायचा. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. समजा घर १४ लाखांना गेलं. २००१ ची किंमत दीड लाख असेल तर १२.५ च्या मार्गाने कर १,५६,२५० आणि २० च्या मार्गाने १,६७,२००. तीच किंमत अडीच लाख असेल तर १,४३,७५० विरुद्ध ९२,०००. म्हणजे २००१ पासून किंमत साधारण आठ-साडेआठ पटींहून जास्त वाढली असेल तर नवा मार्ग बरा, नसेल तर जुना. वर ४ टक्के उपकर दोन्हीकडे.

नवखी

मध्येच विचारते, माफ करा. गिऱ्हाईक आणि विकणारे राजी असतील तर सगळी किंमत जमिनीवर दाखवून घर नाममात्र का दाखवू नये? आमच्याकडे एजंट तसंच सुचवतोय.

हिशोबनीस

नका करू. पहिलं कारण, ते खोटं आहे. दुसरं, चालतही नाही. घराला कलम ५०सी लागतं: रेडी रेकनरचं, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेलं, मूल्य खतातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर विक्री रेकनरच्या किमतीलाच झाली असं धरून तुमच्यावर कर बसतो. ग्रामीण शेतजमिनीला हे कलम लागत नाही, पण तिची किंमत रेकनरच्या कितीतरी पट फुगवलेली दिसली तर अधिकारी तेच पहिलं विचारतो.

आणि एजंटचं दुसरं सुचवणंही आताच सांगतो, ते येणारच आहे: "थोडी रोख घ्या." स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, इसार असो की नुसता आगाऊ, तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो *घेणाऱ्याला*, म्हणजे विकणाऱ्याला. २०१५ पासून हा नियम आहे. दोन्ही बाजूंचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि कुणाचंच करपात्र नसेल तर त्याला सूट आहे, पण नोकरी करणाऱ्या ताईंना ती नाही. दोन लाखांवरच्या रोखीचं बंधन तर सगळ्यांनाच. सगळे पैसे बँकेतून.

दूरदेशी

भावाबद्दल मी लिहितो, मी त्यातून गेलोय.

अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते आणि विकता येते. मात्र विकायची ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. तुमचं गिऱ्हाईक गावातलंच आहे, तेव्हा प्रश्न नाही. ग्रामीण शेतजमिनीवरची करमुक्ती अनिवासी व्यक्तीलाही आहे.

घराच्या वाट्याचं मात्र वेगळं. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत व्यवहार ५० लाखांच्या आत असेल तर घेणारा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापत नाही. अनिवासी असेल तर रक्कम कितीही लहान असो, त्याच्या हिश्शातून कापावाच लागतो. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, आणि न कापल्याची जबाबदारी त्या बिचाऱ्यावर येते. त्याला आधी बसवून समजावून सांगा. कापणी पूर्ण रकमेवर होते, नफ्यावर नाही. कमी कापणीचं प्रमाणपत्र मिळतं, पण वेळ लागतो. शिवाय भावाला २० टक्क्यांचा निर्देशांकवाला पर्याय नाही, फक्त १२.५. पैसे त्याच्या एनआरओ खात्यातच (अनिवासी व्यक्तीचं भारतातलं रुपयांचं खातं) घ्या. आणि कुलमुखत्यारपत्र परदेशातून करून पाठवायला माझे दोन महिने गेले. आजच सुरुवात करायला सांगा.

कोरडवाहू

घर पडकं आहे की उभं? हे विचारण्याचं कारण: राहतं घर विकलं तर नव्या घरात फक्त *नफ्याएवढी* रक्कम गुंतवली की पुरते, कलम ५४. नुसती खुली जागा विकली तर सवलतीसाठी विक्रीची *पूर्ण* निव्वळ रक्कम घरात घालावी लागते, ५४एफ, आणि आधीचं एकाहून जास्त घर नको. आमच्या भावकीतलं घर दोन पावसाळ्यांत बसलं, नुसत्या भिंती उरल्या, आणि ते घर की जागा यावर वर्षभर पत्रव्यवहार झाला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला काय लिहिलंय ते बघा, वीजबिल ठेवा, आणि आजच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

माळरान

उभं आहे. कौलं शाकारलेली, वीज चालू. बाबांनी १९८८ मध्ये स्वतः बांधलं. नमुना ८ ला "राहते घर" आहे, आत्ताच भाऊजींना फोन करून खात्री केली.

हिशोबनीस

बाबांनी स्वतः बांधलेलं आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे आई आणि तीन मुलं, चौघांचा समान हिस्सा. हे तुमच्या फायद्याचं आहे. कर प्रत्येकाच्या हिश्शावर, प्रत्येकाच्या पॅनवर लागतो. निवासी व्यक्तीचं दुसरं उत्पन्न नसेल तर मूळ करमुक्त मर्यादा या नफ्यातून वजा होते. २०२५-२६ ला नव्या करप्रणालीत ती ४ लाख. आई आणि धाकटी बहीण बहुधा पूर्ण सुटतील. म्हणून सगळे पैसे तुमच्या एकटीच्या खात्यात घेऊन नंतर वाटू नका. चौघांना चार वेगळे धनादेश, खतात तसाच उल्लेख.

ज्यांना कर बसतोच आहे आणि घर घ्यायचं नाही, त्यांना सहा महिन्यांच्या आत ५४ईसी च्या रोख्यांत नफा गुंतवता येतो. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे असतात, पाच वर्षं पैसे अडकतात, मर्यादा ५० लाख. लहान रकमेसाठी मी स्वतः कर भरून मोकळं होण्याच्या मताचा आहे.

आणि विवरणपत्र. दुय्यम निबंधक ३० लाख किंवा त्यावरच्या व्यवहाराची माहिती आयकर विभागाला देतो, ती तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. मावशींना पत्र आलं ते त्यामुळे. करमुक्त जमिनीची रक्कमही करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवा. कर नाही म्हणजे सांगायचं नाही, असं नसतं.

नवखी

रस्त्यासाठी सरकारने घेतलेल्या जमिनीलाही हेच लागू का? आमची थोडी गेली आहे.

हिशोबनीस

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा मोबदला करमुक्त आहे. आयकर विभागाचंच परिपत्रक आहे, ३६/२०१६. निवाड्याची प्रत जपून ठेवा. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

माळरान

दोन महिन्यांनी लिहितेय. झालं एकदाचं. काय काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

अंतरासाठी भाच्याला घेऊन गेले. तालुक्याच्या रस्त्यावर "नगरपरिषद आपले सहर्ष स्वागत करीत आहे" ही कमान आहे, आम्ही तिलाच हद्द समजत होतो. नगरपरिषदेत हद्दीचा नकाशा मागितला तेव्हा कळलं की हद्द कमानीच्या पुढे, ओढ्यापर्यंत आहे, म्हणजे आमच्या बाजूला जवळजवळ अर्धा किलोमीटर जास्त. तिथून आमच्या गटाच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषेत २.६ किमी. रस्त्याने चार भरतं. लोकसंख्या २०११ ला लाखाच्या बरीच आत. म्हणजे ग्रामीण, पण फक्त सहाशे मीटरनी! तहसीलदारांचा दाखला घेतला, नगरपरिषदेच्या नकाशाची प्रत जोडली. दोन्ही मिळायला पाच आठवडे आणि तीन फेऱ्या.

घराची २००१ ची किंमत मूल्यांककाने १,८०,००० काढली. विक्री १४ लाख. प्रत्येकाच्या वाट्याला निर्देशांकाशिवाय ३,०५,००० नफा. आई आणि बहीण मर्यादेच्या आत, कर शून्य. माझा २० टक्क्यांच्या मार्गाने ३६,१६०, दुसऱ्या मार्गाने ३८,१२५ झाला असता. भावाचा ३८,१२५. वर उपकर. भावाच्या साडेतीन लाखांवर गिऱ्हाइकाने कापणी केली, जास्तीची रक्कम तो विवरणपत्र भरून परत मागेल. दूरदेशी, तुमच्यामुळे मुखत्यारपत्र वेळेत आलं.

खतं दोन केली. जमिनीच्या खतात वकिलांकडून एक परिच्छेद मुद्दाम घालून घेतला: गट नंबर, जिरायत शेतजमीन, अकृषिक परवानगी घेतलेली नाही, घेणारा शेतकरी असून शेतीसाठीच घेत आहे, आणि दाखल्याचा जावक क्रमांक. भाव एकरावर लिहिला.

सही करताना आईने विचारलं, "यात बाबांचं नाव कुठे आहे?" वकिलांनी पान उलटून दाखवलं: मूळ धारक म्हणून, पहिल्याच ओळीत. मग तिने अंगठी काढून ठेवली, चष्मा पुसला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

आता मावशीच्या कागदांकडे वळतेय. तिच्या घराचं २००१ चं मूल्यांकन आता करून घेतलं तर काही दुरुस्ती मागता येईल का? हिशोबनीस काका, आदेश येऊन अकरा महिने झालेत.

हिशोबनीस

अपिलाची मुदत ३० दिवसांची होती, ती गेली. पण उशीर माफ करण्याची विनंती कारणासह करता येते, आणि त्याखेरीज आदेशापासून वर्षाच्या आत कलम २६४ खाली आयुक्तांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. तुमच्याकडे महिनाच आहे. आदेशाची प्रत, खरेदीखत, नमुना ८ आणि सातबारा घेऊन याच आठवड्यात सनदी लेखापालाकडे जा. मूल्यांककाला उद्याच फोन करा.